पिन काढा

वळवाचं आभाळ नुसतं गुरगुरलं तरी आबा गोठ्यातनं ओरडायचे, "आरं, पिन काढा!" हातात धारेची चरवी असली तरी ओरडायचे. आम्हा भावंडांपैकी जो सोप्यात असेल त्यानं धावत जाऊन डेकची पिन बोर्डातनं उपटायची, वायर गुंडाळून डेकवर ठेवायची आणि "काढली" म्हणून उलट ओरडून सांगायचं. ते ऐकू येईपर्यंत म्हशीच्या आचळावरचा आबांचा हात थांबलेला असे. आम्हाला हसू यायचं. आभाळ तिकडं डोंगरापल्याड, आणि ह्यांची घाई इकडं.

डेक १९८८ सालचा. उसाच्या बिलात घेतलेला. कंपनीचा नव्हे, कराडातल्या एका मेकॅनिकनं जुळवून दिलेला. त्या काळात असे असेंबल डेक गावोगाव दिसायचे. पत्र्याची पेटी, पुढं काळी काच, आवाजाबरोबर वरखाली नाचणारे लाल-हिरवे दिवे, आत विटेएवढा ट्रान्सफॉर्मर आणि प्लायवूडच्या खोक्यातले दोन स्पीकर. आबांनी त्यात रेडिओही बसवून घेतला होता. सांगली आकाशवाणी स्वच्छ लागावी म्हणून कौलांवर तांब्याची तार ताणली होती. डेकवर ताईनं विणलेला रुमाल असायचा. एवढी बडदास्त घरात आजोबांचीही नव्हती.

पण आबांचा जीव डेकमध्ये नव्हता, एका कॅसेटीत होता. १९९१ च्या दिवाळीत ताई माहेरी आली ती दाजींचा टेपरेकॉर्डर घेऊन. तिनं आईला जात्यावर बसवलं. तोवर दळण गिरणीत जायला लागलं होतं, जातं फक्त भरड्यापुरतं उरलं होतं. आई आधी लाजली, मग दोन मुठी ज्वारी घालून तिनं खुंटा धरला आणि सुरू झाली. साठ मिनिटांची कॅसेट. एक बाजू पुरती भरली, दुसरी अर्धी. मध्ये म्हशीचं हंबरणं आहे, धाकट्याचं रडणं आहे आणि शेवटी आईचं "बंद कर की गं आता" आहे.

आई १९९९ मध्ये गेली. त्यानंतर आबा ती कॅसेट कधी लावतील याला काही नेम नव्हता. दोन-दोन महिने हात लावायचे नाहीत. मग एखाद्या संध्याकाळी, जेवणाआधी, आवाज बारीक करून ऐकत बसायचे. त्या वेळी कोणी काही बोलायचं नाही, हे न सांगता ठरलेलं.

मी तोवर पुण्यात नोकरीला लागलो होतो. २००७ च्या मे महिन्यात गावी जाताना तपकीर गल्लीतनं एकशे तीस रुपयांचा स्पाइक गार्ड घेतला. पांढरी पट्टी, चार सॉकेट, लाल दिव्याचं बटण. खोक्यावर कोसळणारी वीज आणि तिच्यापुढं ढाल, असं चित्र. दुसऱ्या दुकानात तसलीच पट्टी चारशेला होती. दिसायला डावं-उजवं काही नव्हतं, मग जास्त पैसे कशाला? घरी येऊन मी मोठ्या ऐटीत डेकची पिन त्या पट्टीत खोचली.

"आबा, आता पिन काढत बसायला नको. झटका आला तर ह्यातच मरंल."

आबांनी पट्टी उलटीपालटी करून बघितली. "तू म्हणतोस तर ऱ्हाऊ दे," म्हणाले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वारं सुटलं. आबा कॅसेट ऐकत बसले होते. पत्रे वाजायला लागले तसे ते उठले आणि डेककडं निघाले. मीच म्हणालो, "असू द्या की. गार्ड आहे न्हवं." ते थबकले, परत बसले. हे माझं वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं.

वीज कडाडलीच नाही. आधी पंखा एकदम जोरात फिरायला लागला. मग साठचा पिवळा बल्ब पांढराफटक झाला, इतका की सोप्याच्या कोपऱ्यातली जळमटं दिसली. डेकमधनं घुर्रर्र असा आवाज आला, वॉर्निश जळाल्याचा वास आला, आणि सगळं काळोखात गेलं. आईचा आवाज ओवीच्या मध्येच जाड होत-होत थांबला.

सकाळी कळलं, बाभळीची फांदी लाइनवर पडून न्यूट्रलची तार तुटली होती. आमच्या आळीतले सात-आठ टीव्ही गेले. वायरमननं तार जोडली आणि गेला.

आबा मला एक शब्द बोलले नाहीत. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

डेक पोत्यात गुंडाळून मी कराडला त्याच मेकॅनिककडं नेला. तो आता म्हातारा झाला होता, पण आपली पेटी त्यानं ओळखली. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी जळाली होती, ॲम्प्लिफायरचा आयसी उडाला होता. कॅसेट आत अडकलेली. ती त्यानं डोळ्यांतलं कुसळ काढावं तशी काढली. चार बोटं लांबीची टेप चुरगळली होती, तुटली मात्र नव्हती.

मग मी त्याला पट्टी दाखवली. त्यानं चार स्क्रू काढले आणि हसला. आत पितळेच्या तीन पट्ट्या आणि दिव्याचं बटण. "ह्यात गार्ड कुठाय? ही नुसती वाढीव वायर हाय." मग ड्रॉवरमधनं त्यानं निळ्या रंगाची, शर्टाच्या बटणाएवढी चकती काढली. तिचं नाव व्हॅरिस्टर. नेहमीच्या २३० व्होल्टला ती गप्प बसते, झटका आला की क्षणात वाट मोकळी करून तो आपल्या अंगावर घेते. खऱ्या गार्डात अशा एक किंवा तीन चकत्या असतात, आणि किती मार सोसेल ते खोक्यावर जूलमध्ये लिहिलेलं असतं. आकडा जितका मोठा तितकी चांगली. जूलचा आकडाच नसेल तर खोक्यावरच्या ढालीला काही अर्थ नाही. शिवाय प्रत्येक झटक्यागणिक ती झिजते, म्हणून पाच-सात वर्षांनी गार्ड बदलायचा.

"म्हणजे चारशेचा घेतला असता तर वाचला असता?"

"न्हाई," तो म्हणाला. "तो झटक्याचा वैद्य. तुमचं दुखणं येगळं."

ते त्यानं मला कागदावर काढून दाखवलं. डीपीतनं तीन फेज निघतात, घरं त्यांच्यावर वाटलेली असतात, आणि सगळ्यांच्या परतीची वाट एकच, न्यूट्रल. ती तुटली की दोन फेजांवरची घरं एकमेकांच्या मागं जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजांमधला चारशे व्होल्ट त्यांच्यात वाटला जातो. जिकडं कमी दिवे चालू, तिकडं जास्त दाब. हा क्षणाचा झटका नसतो, मिनिटं-मिनिटं टिकतो. व्हॅरिस्टर तेवढा वेळ तग धरत नाही, तोच जळून जातो. या दुखण्याला दाब मोजून लाइट तोडणारा कटआउट लागतो. दाब ठरलेल्या मापाच्या वर गेला किंवा खाली आला की तो बंद करतो आणि लाइट नीट झाल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा देतो. मी स्टॅबिलायझर घ्यायच्या विचारात होतो. तो म्हणाला, डेकला कशाला? कमी दाबानं डेक मरत नाही, फार तर आवाज बारीक येईल. पैसे कटआउटात घाला. आणि स्टॅबिलायझर घ्यायचाच तर हाय-कट असलेला घ्या, नाहीतर तोही जळेल.

निघताना त्यानं विचारलं, "अर्थिंग हाय का घरात?"

बोर्डाला तिसरं भोक होतं. त्याच्यामागं काय आहे ते कोणी कधी बघितलं नव्हतं. घरी येऊन बोर्ड उघडला तर हिरवी वायर वीतभर जाऊन भिंतीतच संपलेली. आभाळातल्या विजेचा झटका पुष्कळदा फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांवरनं एकदमच येतो. त्याला जायला जमीन हवी. जमीनच जोडलेली नसेल तर भारी गार्डाच्याही दोन चकत्या नुसत्या बसून राहतात.

मी आणि थोरल्यानं मोरीच्या पाठीमागं खड्डा घेतला. पुरुषभर खोल गेलो तेव्हा ओल लागली. जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि खडे मीठ थरावर थर. कौलांवरची ती तांब्याची तारही उतरवली. मेकॅनिकच्या भाषेत ती विजेला दिलेलं आवतन होती. खड्डा, पाइप, कटआउट, जूल लिहिलेला गार्ड, सगळं मिळून दीड हजाराच्या आत बसलं. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायला आणि आयसीला साडेसातशे गेले, ते वेगळे.

अर्थिंगला उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, नाहीतर माती सुकते आणि वाट बंद होते. हे काम आबांनी आपल्याकडं घेतलं. सकाळी आंघोळ झाली की तुळशीला तांब्या आणि मोरीमागं कळशी. एप्रिल-मेत हंड्या-हंड्यावरनं भांडणं व्हायची, तेव्हा वहिनी कुरकुरायची, "माणसांना न्हाई आन् खड्ड्याला पाणी." आबा तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे.

कॅसेट वाजते. चुरगळलेल्या जागी आईचा आवाज पाण्यात बुडून वर आल्यासारखा होतो, चार शब्द जातात. ते चार शब्द आम्हाला कुणालाच आठवत नाहीत. ताईलाही नाही.

पुढं पुतण्यानं ती कॅसेट पेन ड्राइव्हवर घेतली आणि डेकला यूएसबीची पट्टी बसवून आणली. आबांना कौतुक वाटलं, पण विश्वास बसला नाही. मागच्या वळवाला मी घरी होतो. कटआउटाचा हिरवा दिवा लागलेला, गार्डाचा लागलेला, खड्ड्याला सकाळीच पाणी पडलेलं. आभाळ गुरगुरलं. आबा आता गोठ्यात जात नाहीत, खाटेवरच असतात. त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी उठून पिन काढली, वायर गुंडाळली.

"आन् त्ये बोटाएवढं?" आबांनी विचारलं.

मी पेन ड्राइव्हही काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पानाच्या डब्यात ठेवला आणि झाकण दाबून लावलं.