होतकरू

(द्वितीय वर्ष, कला)

‘गरीब व होतकरू’ ही जोडी मराठी भाषेत राम-लक्ष्मणासारखी एकत्र हिंडते. वह्यावाटपाच्या फलकावर, शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत, सत्कार-समारंभाच्या भाषणात ती हमखास भेटते. यांपैकी ‘गरीब’ कोण, हे तहसील कचेरीतल्या दाखल्यावरून ठरते. परंतु ‘होतकरू’ कोण, हे कशावरून ठरवायचे? जो अजून कोणी झालेला नाही, पण होईल असे वाटते, तो होतकरू. म्हणजे हा शब्द सगळा भविष्याच्या उधारीवर चालतो. मला तो पाचवीपासून चिकटलेला आहे. त्याचा अर्थ नीट उमगला तो मात्र फार लांब, अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानावर!

हसू नका. माझ्या एका वर्गमित्राचा मावसभाऊ न्यू जर्सीला नोकरी करतो. तो आणि त्याचे मित्र मिळून दहा जणांची एक ‘फँटसी लीग’ चालवतात. पैशाचा व्यवहार नाही; हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला जेवण घालायचे, एवढीच पैज. त्यांचा दहावा गडी गळाला. क्रिकेटचे आकडे मला तोंडपाठ असल्यामुळे मित्राने माझे नाव सुचवले आणि मार्च २०२५ मध्ये मी एका कागदी संघाचा मालक झालो.

फँटसी लीग म्हणजे मनातला संघ. खेळाडू खरे, सामने खरे, फक्त मालक खोटे. मैदानावर खेळाडू जे करील त्याचे गुण आपल्या खात्यावर जमा होतात. १९८० साली डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकाने मित्रांना जमवून बेसबॉलमध्ये ही पद्धत रुजवली आणि न्यूयॉर्कमधल्या ज्या उपाहारगृहात ते जमत, त्याचेच नाव त्या लीगला पडले. खेळाडू पाळीपाळीने निवडायचे, याला म्हणतात ड्राफ्ट. आमच्या लीगमध्ये नामांकित खेळाडूंखेरीज प्रत्येकाने पाच होतकरूही घ्यायचे असतात. ही मुले अजून वरच्या, म्हणजे मेजर लीगमध्ये पोचलेली नसतात, किंवा नुकती उंबऱ्याशी आलेली असतात. त्यांना वर्षानुवर्षे सांभाळायचे आणि वाट पाहायची. आमच्या शेतातल्या आंब्याच्या कलमासारखाच प्रकार.

तिथे स्काउट असतात, म्हणजे गावोगाव फिरून खेळाडू हेरणारे पारखी. ते पाच गुण पाहतात : चेंडूला बॅट लावणे, फटक्याचा जोर, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेक. प्रत्येक गुणाला २० ते ८० यांमधला अंक द्यायचा. ५० म्हणजे मेजर लीगमधली सरासरी. शून्य नाही आणि शंभरही नाही. कोणी अगदी टाकाऊ नाही आणि कोणी देवही नाही. मला ही रीत फार आवडली. पण खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक गुणासमोर रकाने दोन असतात. पहिल्यात आजचा अंक, दुसऱ्यात उद्याचा. एखाद्या पोराच्या फटक्यापुढे ३० आणि ५५ असे लिहिलेले असते. याचा अर्थ, आज हा कच्चा आहे, पण अंग भरले आणि शिकवणारा भेटला तर सरासरीच्या वर जाईल. मी माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर हा दुसरा रकाना शोधून पाहिला. नव्हता.

अर्थात हे पारखी चुकतात, आणि थोडेथोडके नव्हे. १९६६ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाची पहिली पाळी होती. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट नावाचा मुलगा उचलला. तो दुखापतींनी बेजार झाला आणि मेजर लीगचा एकही सामना खेळू शकला नाही. दुसऱ्या क्रमांकावर उचलला गेलेला रेजी जॅक्सन मात्र ५६३ होमरन मारून अजरामर झाला. उलट १९८८ साली माइक पियाझाचा क्रमांक लागला १३९० वा, बासष्टाव्या फेरीत. तोही वडिलांची एका मोठ्या प्रशिक्षकाशी ओळख होती म्हणून. आपण ज्याला वशिल्याचे तट्टू म्हणतो, तेच. पण या तट्टाने शर्यत मारली आणि २०१६ साली ते थेट हॉल ऑफ फेममध्ये जाऊन उभे राहिले!

माझ्या पाच होतकरूंपैकी एक होता बॉस्टन रेड सॉक्सचा क्रिस्टियन कॅम्पबेल. २०२३ च्या खऱ्या ड्राफ्टमध्ये त्याचा क्रमांक १३२ वा. वर्षभरात त्याने अशी मजल मारली की २०२५ च्या एप्रिलमध्ये संघाने त्याच्याशी आठ वर्षांचा, सहा कोटी डॉलरचा करार केला. माझी कॉलर ताठ! पण मे महिन्यात त्याची बॅट रुसली आणि जूनमध्ये त्याला पुन्हा खालच्या लीगमध्ये धाडण्यात आले. त्याच महिन्यात त्याच संघाचा रोमन अँथनी वर आला आणि खेळू लागला. तो होता मावसभावाच्या खात्यावर. हंगामाअखेर प्रत्येकाने आपल्या निवडीचा ताळेबंद लिहून पाठवायचा, अशी आमच्या लीगची प्रथा आहे. कॅम्पबेलपुढे मी पहिल्या रकान्यातला अंक उतरवला, दुसरा तसाच ठेवला. तेवीस वर्षांच्या माणसाचा दुसरा रकाना एका उन्हाळ्यात पुसायचा म्हणजे काय?

ताळेबंद लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात जाण्याचा रस्ता नुसत्या गुणांचा नाही. त्या रस्त्याचे नाव मायनर लीग. तिथे वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर पोरे खेळत आणि हंगाम संपला की मिळेल ते काम करीत. २०२२ पासून संघांनी त्यांच्या राहण्याची सोय करू लागले पाहिजे असे ठरले आणि २०२३ च्या करारात त्यांचे पगार दुपटीहून वाढले. म्हणजे होतकरू माणसाला आधी जेवायला लागते आणि रात्री अंग टाकायला जागा लागते, हे एवढ्या श्रीमंत खेळालाही उशिराच कळले.

आणि येथे मला आमच्या घरातला ड्राफ्ट आठवतो. २०२२ च्या जूनमध्ये ताई बारावी झाली आणि मी दहावी. पुढे मला बारावीला जेवढे टक्के मिळाले, त्याहून तिचे नऊ जास्त होते. दोघांनाही शिकायचे तर गाव सोडायला हवे होते, आणि खोली-खानावळीचा खर्च एकाचाच झेपणार होता. आप्पांनी फार विचार केला असे मला वाटत नाही. रात्री जेवताना ते म्हणाले, “याला पाठवू.” आईने भाकरी वाढली. ताईने पाण्याचा तांब्या भरून आणला. झाला ड्राफ्ट.

आप्पांना मी दोष देत नाही. ज्याच्या हाती एकच फेरी असते, तो जपूनच उचलतो. पण चिलकॉटला उचलणाऱ्यांनी निदान त्याचा खेळ पाहिला होता. ताईचा खेळ कोणी पाहिलाच नाही. तिचा पहिला रकाना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर भरलेला होता. दुसरा कोणी आखलासुद्धा नाही. वह्यावाटपाच्या कार्यक्रमात आम्ही दोघेही रांगेत उभे असू. पण ‘होतकरू’ म्हणून पाठ थोपटली जाई ती माझी, तिला म्हणत, “गुणाची पोर आहे.” गुणाची म्हणजे आज चांगली. होतकरू म्हणजे उद्याची. दोन रकाने, दोघांना वाटून दिलेले!

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला होजे अल्टुव्हेची गोष्ट सांगितली. व्हेनेझुएलातला हा मुलगा, उंची जेमतेम पाच फूट सहा इंच. निवड-शिबिरातून त्याला ‘बुटका’ म्हणून परत पाठवले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जाऊन उभा राहिला. २००७ साली अवघ्या पंधरा हजार डॉलरवर ह्यूस्टनने त्याला घेतला आणि २०१७ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ताई ब्लाऊज शिवीत होती. यंत्राचे चाक हाताने थांबवून तिने विचारले, “दुसऱ्या दिवशी त्याला जा म्हणालं कोण रे?”

मी म्हणालो, “त्याचे वडील.”

ती काही बोलली नाही. चाक पुन्हा फिरू लागले.

या सुट्टीनंतर मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या बी. ए.ची सगळी माहिती एका कागदावर उतरवून घरी नेली आणि ती ताईला न देता आप्पांच्या हातात दिली. घरी राहून, शिवणकाम सांभाळून शिकता येते, हे समजावले. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, चश्मा काढला आणि म्हणाले, “फी किती पडती?”

वाचकहो, हा नकार नव्हे. आमच्या घरात आजवर प्रत्येक होकार याच प्रश्नापासून सुरू झालेला आहे.