सातवं वर्ष लागायची वाट

माझ्या लेकाची शाळा बदलली, हे मला शाळेच्या शिपायाकडून कळलं. 2024 चा जून. शाळा नुकती सुरू झाली होती. शनिवार होता म्हणून मी नेहमीसारखा गेटबाहेर छत्री घेऊन उभा होतो. आमचा खुला होऊन दोन वर्षं झाली होती. लेक आईबरोबर तिच्या माहेरी राहायचा, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. कागदावर काही ठरलेलं नव्हतं. शनिवारी शाळा सुटली की मी त्याला आणायचो, रविवारी राजाभाऊची भेळ खाऊ घालून मगरिबच्या आत पोहोचवायचो. मे महिन्यात तो आईबरोबर पुण्याला मावशीकडे गेला होता, एवढंच मला ठाऊक होतं.

शिपायमामा म्हणाले, "अहो, त्याचा दाखला नेला की सुट्टीतच. पुण्याला गेले न्हवं ते?"

घरी आलो. अम्मी रडायला लागली. मोहल्ल्यातले एक चाचा आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी कशाला करतोस? पोरगा सहाचा आहे ना? शरीयतीत मुलगा सात वर्षांपर्यंतच आईकडं. सात पूर्ण झाली की जा आणि घेऊन ये." मला ते पटलं. खरं तर तेच ऐकायचं होतं. कॅलेंडरवर मी त्या तारखेला खूण केली. आणि आणखी एक गोष्ट केली, जी लिहिताना आज लाज वाटते. दरमहा पाठवायचो ते पैसे बंद केले. तिनं नेलंय ना, मग खर्चही तिनंच करावा, असा हिशोब.

चार महिने असेच गेले. मग एका मित्रानं ओढून वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पैसे पाठवता का? मुलाशी शेवटचं कधी बोललात? नव्या शाळेचं नाव काय? तिन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती.

मी सातव्या वर्षाची गोष्ट काढली. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, पण अर्धीच." हनफी फिक्हनुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळायचा हक्क, म्हणजे हिजानत, आईची. बाप मात्र पहिल्यापासून वली असतो. कोकणातले आपले शाफई भाऊ तर सात-आठच्या पुढं मुलालाच विचारतात, कुणाकडं राहणार म्हणून. पण कोर्टात अर्ज जातो तो 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली, आणि हा कायदा सगळ्या धर्मांना एकच. त्याचं कलम 17 व्यक्तिगत कायदा बघायला सांगतं, पण तोलायचं असतं ते मुलाचं हित. मूल समजतं झालं असेल तर न्यायाधीश त्याचंही मत घेऊ शकतात. "सातवा वाढदिवस म्हणजे माल ताब्यात घ्यायची तारीख नव्हे," त्या म्हणाल्या. मला ते लागलं.

पुढं जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं हेच सांगितलं. मुलगा नऊ वर्षांचा, म्हणजे सातच्या पुढचा. खालच्या कोर्टानं ताबा बापाला दिला होता. उच्च न्यायालय मुलाशी बोललं, त्याची आईवरची माया पाहिली आणि त्याला आईकडेच ठेवलं. व्यक्तिगत कायदा आणि मुलाचं हित समोरासमोर आले, तर हिताचं पारडं जड.

"पण तिनं मला न विचारता शहर सोडलं, त्याचं काय?" मी विचारलं. उत्तर कडू होतं. कोर्टानं नेमलेल्या पालकाला परवानगीशिवाय मुलाला कोर्टाच्या हद्दीबाहेर कायमचं नेता येत नाही, असं त्याच कायद्याचं कलम 26 सांगतं. आमच्याकडे कोर्टाचा कुठलाच कागद नव्हता. त्यामुळे तिनं कुठलाच आदेश मोडला नव्हता. वर आणखी एक. मूल नेहमी जिथं राहतं तिथल्या कोर्टात अर्ज करावा लागतो. मी कॅलेंडर बघत बसलो होतो, तेवढ्यात पुणं हेच त्याचं घर होत चाललं होतं.

त्यांनी पुण्याच्याच एका प्रकरणाचा दाखला दिला. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या एका इंजिनिअर बाईंना पोलंडमध्ये काम मिळालं. नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर न्यायला कौटुंबिक न्यायालयानं नकार दिला. जुलै 2022 मध्ये उच्च न्यायालयानं परवानगी दिली. बाईला नोकरी की लेकरू असं निवडायला लावता येणार नाही, मात्र सुट्टीत मुलीला आणून बापाला भेटवायचं. "ते पोलंड होतं. तुमचं तर पुणं आहे."

तरी मनात खुमखुमी होती. म्हणून एका मौलानांना भेटलो. त्यांनी 'हिदाया' या जुन्या ग्रंथातला मसला सांगितला आणि माझे कान टवकारले. तलाक झालेली आई मुलाला परगावी नेऊ शकत नाही. अपवाद तिच्या माहेरच्या गावाचा, तेही निकाह तिथंच झाला असेल तर. आणि दुसरा अपवाद असा की गाव इतकं जवळ असावं की बापाला मुलाला भेटून त्याच दिवशी परतता यावं. मला वाटलं, सापडलं हत्यार! मौलाना हसले. "त्या काळी उंटाचा प्रवास होता. आज तुम्ही पहाटेची एसटी धरलीत तर इशाला घरी. आणि ऐका, आईच्या मुदतीत बापालाही मुलाला तिच्यापासून दूर नेता येत नाही. मसला अंतराचा नाही, भेटीचा आहे."

परतताना मी स्वतःला विचारलं. सहा महिन्यांत मी पहाटेची एसटी किती वेळा धरली? एकदाही नाही.

आधी पैसे सुरू केले, थकलेले धरून. मुलांच्या पोटगीचा हक्क आईच्या हक्कावर अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्ये नूर सबा खातून प्रकरणात मुस्लिम बापांना स्पष्ट सांगितलेलं आहे. मग अर्ज केला. मध्यस्थांच्या खोलीत ती समोर बसली होती. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं?" लॅबमधली नोकरी मिळाली होती, माहेरी भावजयांच्या ताटाखाली किती वर्षं राहणार होती ती. मी गप्प बसलो. तिचंही चुकलं होतं, न सांगता नेणं चुकीचंच. पण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर "नाही" एवढंच होतं.

दोघांच्या संमतीनं कागद झाला. एक आड एक रविवार पुण्यात भेट. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. लांब राहणाऱ्या आईबापाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं, असं 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही यशिता साहू प्रकरणात म्हटलं आहे. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. एक ईद इकडे, एक तिकडे. घर किंवा शाळा बदलायची तर महिनाभर आधी लेखी कळवायचं, दोघांनीही.

भाई-बहिणींनो, तलाक किंवा खुला होताना आपण मेहर बघतो, इद्दत मोजतो, जहेजची भांडी यादी करून परत घेतो. लेकराच्या भेटीचा मात्र कागद करत नाही. तो तेव्हाच करा, दोघं एकाच गावात राहत असलात तरी. बाईनं नोकरीसाठी गाव सोडणं हा गुन्हा नाही. पण लपवून नेणं म्हणजे लेकराचा बाप त्याच्यापासून तोडणं. आणि पैसे अडवून, वाढदिवस मोजत बसणाऱ्या बापानं लेकराचं कुठलं भलं साधलं?

कॅलेंडरवरची ती तारीख आली, तेव्हा मी पहाटेच्या गाडीनं स्वारगेटला उतरलो. हातात भेळेचा सुका मसाला होता. लेक आईचा हात सोडून धावत आला आणि म्हणाला, "अब्बा, दादीला का नाही आणलंस?" पुढच्या खेपेला अम्मीचंही तिकीट काढलं.