देसाईंचा शेवटचा पाऊस

वसंत देसाई म्हटले, की लोकांना ‘झनक झनक पायल बाजे’ आठवतो, ‘अमर भूपाळी’ आठवतो, नाही तर शाळेतली प्रार्थना. भरजरी, सोवळ्यातलं संगीत! त्यांच्या ‘शक’चं नाव मात्र कुणी काढीत नाही. 22 डिसेंबर 1975 रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात देसाई गेले, आणि हा चित्रपट पडद्यावर आला 1976 साली. वय अवघं त्रेसष्ट.

आमच्या मुक्ताईनगरात (जुन्या माणसांचं अजून एदलाबादच) माझा एक शेजारी जुन्या तबकड्यांचा दर्दी आहे. तो म्हणतो, “भाऊ, ‘गुड्डी’तला मल्हार कुठं अन् हे कुठं! म्हातारपणी हात आखडला त्यांचा.”

मला हे पटत नाही. पाऊस दोन्हीकडे आहे, शब्दही दोन्हीकडे गुलजारांचेच. 1971 च्या ‘गुड्डी’त वाणी जयराम मियाँ मल्हारात पावसाला साद घालतात, ते वैभव कोण नाकारील? ‘शक’मध्ये आशाबाईंच्या आवाजात तो नुसता सुरू होतो, घरात बसल्या बसल्या कानी यावा तसा. कथा आहे नवऱ्यावर संशय घेणाऱ्या बायकोची. असल्या संसारात मल्हाराची मिरवणूक काढून कसं चालेल? उभ्या हयातीत भरजरी विणलेल्या माणसानं इथं साधं सूत काढलं. याला हात आखडणं म्हणायचं?

शेजाऱ्यानं शेवटी तबकडी पुन्हा ऐकायला म्हणून नेली. त्यानंतर पूर्णेला दोनदा पूर येऊन गेला. तबकडी अजून त्याच्याकडेच आहे.