डब्यातला मोगरा

शेजारच्या काकूंनी मोगऱ्याची कुंडी माझ्यासमोर उलटी केली आणि नासक्या अंड्यासारखा वास अंगणभर पसरला. मुळं काळी पडली होती, हात लावताच साल सुटत होती. "रोज पाणी घालत होते हो," त्या म्हणाल्या. तोच तर घोळ. तळाला विटांचे तुकडेही होते. त्यांनी निचरा होतो, हा जुना समज. बारीक मातीतलं पाणी भरड थरात सहजी उतरत नाही, वरच अडून बसतं. उलट ओल मुळांजवळ सरकते.

आजीचा मोगरा तेलाच्या पत्र्याच्या डब्यात होता. तळाला खिळ्यानं पाडलेली भोकं, बस्स. माघात ती डबा आडवा पाडायची, गड्डा ओढून काढायची आणि पत्र्याला घासून गोल फिरलेली मुळं खुरप्यानं खरडायची. झाड मरणार म्हणून मी रडायचो. वडिलांनी एकदा रानातली काळीभोर माती पाटीभर आणली. आजीनं पाटी तशीच परत धाडली. "रानातली माती रानात बरी. डब्यात तिचा पावसात गारा हुतोय आन् उन्हात दगूड." खरंच, काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसून कडा सोडते, मग पाणी फटीतून पळतं, गड्डा कोरडाच. आजी ओढ्याची भरड वाळू, चाळलेला मुरूम आणि उकिरड्याच्या तळाचं मुरलेलं शेणखत घ्यायची.

मातीचा हट्ट न धरणारे आणखी एक म्हणजे कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर, गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवारानं मातीचा मानच कमी केला: उसाची चिपाडं, पालापाचोळा कुजवा, माती थोडीच. त्याच वाटेनं आर. टी. दोशींनी मुंबईत गच्चीवर भाज्या-फळं पिकवली. आणि आमच्याकडं, कडेगाव तालुक्यातल्या वांगी गावात साखर कारखाना असताना, लोक चिकट लाल मातीची पिशवी विकत आणतात! त्या पिशवीवरचा माझा राग काही जात नाही.

आजी गेली, डबा गंजला. पत्र्यावर खुरपं घासल्याचा खर्र आवाज तेवढा अजून कानात आहे.

काकूंच्या कुंडीच्या कडेला पांढरा खारट पापुद्रा धरला होता. कृष्णाकाठी वाळवा, मिरज, शिरोळकडं उसाच्या रानांत हाच पापुद्रा दिसतो. पाणी भरपूर, निचरा नाही. रानं क्षारपड झाली. आमचा कडेगाव तालुका दुष्काळी. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, पाठोपाठ ऊस आला. रानाचा तळ डब्यासारखा उलटून पाहता येत नाही, एवढाच फरक. तेव्हा बाबांनो, आधी निचऱ्याचे चर काढा, मग मोटार चालू करा.