किरकोळ जखमी

वर्तमानपत्रातल्या काही शब्दांवर माझा पूर्वी फार विश्वास होता. 'किरकोळ' हा त्यांपैकी एक. 'मोटारीची धडक, एक महिला किरकोळ जखमी' अशी चार ओळींची बातमी सकाळच्या चहाबरोबर वाचायची आणि बशी खाली ठेवता ठेवता पान उलटायचे, हा आपणा सर्वांचाच रिवाज आहे. त्यात निर्दयपणा असतो असे नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतली ३२,८२५ माणसे नुसती पायी चालणारी होती. मरणाचा व्यापार असा घाऊक चालला असता किरकोळीचा हिशेब कोण ठेवणार?

तो हिशेब ठेवण्याचा योग गेल्या वर्षी माझ्यावर आला. हकिगत लहानशीच आहे. सकाळी अकराच्या सुमारास, पुण्यातल्या एका वाहत्या रस्त्यावरून, थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या बाजूने मी सावकाश चाललो होतो. गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आतबाहेर. एक साठीच्या बाई बसच्या तोंडासमोरून घाईघाईने रस्त्यात आल्या. मी ब्रेक दाबला. ताशी वीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. डोळ्यांनी पाहिलेले पायापर्यंत पोहोचायला सेकंदभर तरी लागतो आणि तेवढ्यात गाडी एका खोलीची लांबी ओलांडून जाते. गाडी थांबली ती त्या बाईंना जेमतेम टेकून. पण साठीच्या माणसाला तेवढे टेकणेही पुरते. त्या उजवा हात पुढे करून पडल्या.

चार माणसे जमली, त्यांची चाळीस झाली. आपल्याकडचा कायदाही या चाळीस माणसांना चांगला ओळखून आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम १३४ सांगते की, चालकाने जखमी माणसाला ताबडतोब जवळच्या डॉक्टरकडे न्यावे. मात्र जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी! माझे दैव चांगले. एका भाजीवाल्याने, 'पाहिलं मी, यांनी दाबला होता ब्रेक,' असे ठणकावून सांगितले आणि वर बाईंना हाताला धरून माझ्या गाडीत बसवले. अशी मदत करणाऱ्याला पुढे कोर्टकचेरीचा ताप होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १३४-अ हे कलम घातलेले आहे. भाजीवाल्याला ते ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. त्याची टोपली तशीच रस्त्याकडेला उघडी राहिली होती.

गाडीत बसल्यावर बाई पहिले वाक्य बोलल्या ते असे: "दादा, तुमच्या गाडीला काही झालं नाही ना?"

या प्रश्नाने मी जितका खचलो तितका त्या आवाजानेही खचलो नव्हतो. शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते. शिवीला उत्तर देता येते.

इस्पितळात चित्र काढले. मनगटाजवळचे हाड मोडले होते. हात टेकून पडल्यावर अगदी याच जागी मोडणाऱ्या या हाडाला डॉक्टर लोक 'कोलिस फ्रॅक्चर' म्हणतात. अब्राहम कोलिस या आयरिश शल्यविशारदाने १८१४ साली त्याचे वर्णन केले, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या एक्याऐंशी वर्षे आधी. उतारवयात हाडे ठिसूळ झालेल्या बायकांत हा प्रकार नेहमीचा, असे डॉक्टर म्हणाले. "सहा आठवडे प्लास्टर. मग हळूहळू व्यायाम. घाबरण्यासारखं काही नाही."

"मावशी, तुम्ही काम काय करता?" मी विचारले.

"पोळ्या करते, दादा. चार घरी."

डॉक्टरांच्या 'घाबरण्यासारखं काही नाही' या वाक्याचा अर्थ तिथे एकदम बदलला. कणीक मळायला मनगट लागते, लाटणे फिरवायला मनगट लागते. वकिलाचे मनगट मोडले तर पक्षकार थांबतात. पोळ्यांना थांबता येत नाही. घरातली माणसे रोजच जेवतात.

पुढचे सोपस्कार यथाक्रम झाले. पोलीस ठाण्यावर जाऊन मी हकिगत लिहून दिली. चोवीस तासांच्या आत ती द्यावी असे तेच कलम सांगते, आणि विमा कंपनीलाही कळवावे असेही सांगते. पंचनामा झाला, दोघांचे जबाब झाले. बाईंनी सांगितले तेच मी सांगितले होते. इस्पितळाचे बिल मी भरले. शास्त्र संपले. आता खरे म्हणजे मी झोपायला हरकत नव्हती.

पण झोप येईना. डोळा लागतो न लागतो तोच तो आवाज होई. फार मोठा नव्हता. कणकेचा गोळा परातीत टाकावा तेवढाच. मग 'जर'ची मालिका सुरू होई. निघताना शेजाऱ्यांशी दोन शब्द बोललो असतो तर? सिग्नल पिवळा झाला तेव्हाच लाल झाला असता तर? यांतल्या एकाही 'जर'मध्ये माझी चूक सापडत नव्हती, आणि म्हणूनच ती मालिका संपत नव्हती. चूक सापडली असती तर तिला धरून बसता तरी आले असते.

भेटायला येणाऱ्यांनी माझे समाधान करण्याची शिकस्त केली. "तुमचं काय चुकलं?" हे वाक्य मी त्या आठवड्यात पन्नास वेळा तरी ऐकले असेन. आमच्या मेव्हण्यांनी तर पुढचा धोरणात्मक सल्लाही दिला. "बिल भरलंत ना? आता तिकडे फिरकू नका. गेलात की ते म्हणणार, यांच्याच मनात काहीतरी आहे. आणि मग मागणं सुरू."

मेव्हण्यांचे म्हणणे अगदीच नवे नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात रथाच्या अपघातांचा चांगला खल केला आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, चाक मोडले अशा दहा प्रसंगी दंड नाही, असे तिथे सांगितले आहे. त्यांतला दहावा प्रसंग मोठा मौजेचा आहे: सारथ्याने 'बाजूला व्हा' असे ओरडून सांगितले असेल तर तो सुटला! आपल्याकडे मोटारवाल्यांची हॉर्नवर एवढी श्रद्धा का, याचा उलगडा मला तेव्हा झाला. त्याच अध्यायात असेही आहे की, सारथी अडाणी असेल तर गाडीत बसलेल्या प्रत्येकाला शंभर पण दंड. मागे बसून 'जरा दामटा की' म्हणणाऱ्या मंडळींनी हा भाग जरूर वाचावा. पण गंमत अशी की, दंड कुणाला नि किती, एवढेच तिथे ठरते. ज्याला दंड नाही त्याने घरी जाऊन काय करावे, हे मनू सांगत नाही.

ते मला भेटले एका इंग्रज तत्त्वज्ञाच्या लेखात. बर्नार्ड विल्यम्स हे त्याचे नाव आणि १९७६ सालचा हा लेख. त्याने एक मालमोटारवाला कल्पिला आहे. त्याची काही चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल सापडते. विल्यम्स म्हणतो, या माणसाचे दुःख बघ्याच्या दुःखासारखे असणार नाही आणि असूही नये. आपण त्याचे सांत्वन करू, 'तुझा दोष नाही' असे सांगू. परंतु ते सांत्वन त्याने फार चटकन पत्करले तर आपल्यालाच त्याच्याबद्दल काहीसे विचित्र वाटेल. हे वाचले आणि मला त्या आठवड्यात प्रथमच जरा हलके वाटले. मला लागलेली टोचणी हा आजार नव्हता. दोष आणि संबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा दोष नव्हता. पण त्या मनगटाशी माझा संबंध होता आणि तो 'तुमचं काय चुकलं?' या प्रश्नाने तुटणारा नव्हता.

तेव्हा मेव्हण्यांचा सल्ला बाजूला ठेवून आम्ही दोघे बाईंकडे गेलो. पर्वतीच्या पायथ्याशी दोन खोल्या. बाई जेवायला बसल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या पोळ्या लाटणाऱ्या त्या माउलीला शेजारणीने लाटलेली पोळी डाव्या हाताने मोडता येत नव्हती. नातू तुकडे करून ताटात ठेवत होता. आम्हाला पाहून त्या उठू लागल्या. आमच्या सौभाग्यवतीने त्यांना बसवले आणि स्वतःच त्यांच्यापुढे मांडी घालून बसली. बोलता बोलता कळले की, चारांपैकी दोन घरांनी बदली बाई लावली आहे. महिन्याचे बारा हजार येत होते, त्यांतले आता काही येणार नव्हते. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही. सौभाग्यवतीने खोदून विचारले म्हणून सांगितले. मी पाकीट काढले तेव्हा मात्र त्यांनी हात मागे घेतला. "इस्पितळाचं केलंत, तेवढं पुष्कळ झालं. रस्त्यात मी आले होते, दादा."

परतताना सौ. म्हणाली, "त्या भीक घेणार नाहीत. त्यांच्या हक्काचं काही असेल तर ते बघा."

मग मी कायद्याचे पुस्तक उघडले आणि 'किरकोळ' या शब्दावरचा माझा विश्वास तिथे संपला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ११६ हाड मोडणे ही 'गंभीर दुखापत' समजते. माणसाला पंधरा दिवस आपले नेहमीचे व्यवहार करता आले नाहीत, तरी ती गंभीर दुखापतच. बातमीदाराच्या लेखी जे किरकोळ ते कायद्याच्या लेखी गंभीर! आणि मोटार वाहन कायद्याचे कलम १६४ तर याहून पुढे जाते. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या या कलमाप्रमाणे मोटारीच्या अपघातात गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख रुपये भरपाई आहे, आणि ती मागताना चूक कुणाची हे सिद्ध करावे लागत नाही. मालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने ती द्यायची. माझ्या मनातल्या 'दोष' आणि 'संबंध' यांची फारकत संसदेने आधीच करून ठेवली होती. मी दर वर्षी जो सक्तीचा विम्याचा हप्ता कुरकुरत भरतो तो मुळी याच कामासाठी होता.

हे कलम मी बाईंना समजावून सांगायचे ठरवले तेव्हा घरात जे रणकंदन झाले त्याचे काय वर्णन करावे! "म्हणजे तुमच्यावर दावा कसा लावायचा हे तुम्हीच त्यांना शिकवणार?" मेव्हणे उभेच राहिले. "उद्या चोराला तिजोरीची किल्लीही नेऊन द्याल!"

"चोर कोण यात?" सौ.ने शांतपणे विचारले.

"तो नो क्लेम बोनस जाईल, त्याचं काय?"

तो आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरता असतो, तिऱ्हाइताच्या भरपाईशी त्याचा संबंध नाही, असे मी सांगितले. मेव्हणे चहा न घेता गेले. आमच्या घरच्या इतिहासात ही घटना प्रथमच घडली.

बाईंना पटवणे त्याहून कठीण गेले. "तुमच्यावर केस? नको हो दादा," हेच त्यांचे पालुपद. शेवटी मी म्हणालो, "मावशी, हे पैसे माझे नाहीत. कुणाचा हात मोडला तर द्यायला म्हणून आम्ही गाडीवाले दर वर्षी वर्गणी काढून ठेवतो, त्यातले आहेत." नातवाने ते आधी ओळखले आणि आजीला ओळखू दिले. वकील पाहून, कागद गोळा करून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज गेला. त्यावर सामनेवाला म्हणून माझे नाव छापलेले आहे. आयुष्यात पुष्कळ ठिकाणी नाव छापून आले. परंतु ते वाचून संकोच वाटला नाही असे हे पहिलेच. अर्ज अद्याप चालू आहे. न्यायाधिकरणाची चाल ताशी वीस किलोमीटर नसते.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले. मनगट ताठ झाले होते. पहिले काही दिवस बाई गरम पाण्यात हात बुडवून मूठ उघडझाप करीत बसत. अडीच महिन्यांनी त्यांनी पहिल्यांदा लाटणे हातात धरले. आता त्यांच्याकडे पुन्हा तीन घरे आहेत. रस्ता ओलांडताना त्या नातवाचा हात धरतात. मी गाडी चालवतो. थांबलेली बस दिसली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि मागचे लोक हॉर्न वाजवतात. आम्हा दोघांचे जेवढे बरे व्हायचे होते तेवढे झालेले आहे.

कुणावर असा प्रसंग आला तर मी आता एवढेच सांगतो: थांबा, जखमीला डॉक्टरकडे न्या, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवा. हे सारे पहिल्या दिवशी होते आणि बहुतेक जण ते करतातही. पण तिसऱ्या दिवशी जा. त्या दिवशी इस्पितळाची धावपळ संपलेली असते, शेजारी आपापल्या कामाला लागलेले असतात आणि ताटातली पोळी मोडायची कशी हा प्रश्न उरलेला असतो.

मेव्हणे मध्यंतरी बरेच दिवस आमच्याकडे आले नव्हते. गेल्या महिन्यात एका रात्री त्यांचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाले. मग जरा घुटमळून म्हणाले, "आमच्या इमारतीच्या रखवालदाराला काल एका गाडीनं उडवलं. पाय मोडलाय बिचाऱ्याचा. ते तुमचं कलम कितवं म्हणालात?"