काचेच्या आतली बाजू

वसईच्या केळीबागांत वाढलेल्या माणसाने बर्फावर उभे राहून शिटी वाजवावी, यात थोडी गंमतच आहे. लहानपणी आम्हांला बर्फ ठाऊक होता तो मासळीच्या टोपलीतला. पुढे १९९८ साली आम्ही कॅनडात मिसिसागा येथे स्थायिक झालो. मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा सवंगड्यांचे पाहून त्याने आइस हॉकीचा हट्ट धरला. त्याच्यामुळे मी रिंकच्या काचेबाहेरचा प्रेक्षक झालो आणि, सांगताना आजही संकोच वाटतो, पंचावर ओरडणाऱ्यांपैकी एक झालो.

एका सामन्यानंतर, ज्याला मी 'आंधळा' म्हटले होते तो पंच हेल्मेट काढून बाहेर आला. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. न्यायला येणाऱ्या वडिलांची वाट पाहत दारात उभा राहिला. माझ्या मुलाने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. मी पंच झालो तो त्या खाली गेलेल्या मानेमुळे.

वयाच्या चौरेचाळिसाव्या वर्षी, २०१२ साली, मी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा अंगावर चढवला. त्याआधीची दोन वर्षे स्केटिंग शिकताना किती वेळा आपटलो, याचा हिशेब पत्नीपाशी आहे. काचेबाहेरून सोपे वाटणारे हे काम आत गेल्यावर निराळेच दिसते. तीन इंच रुंद, एक इंच जाड अशी कडक रबराची चकती. ती उसळू नये म्हणून आधी गोठवून ठेवलेली. चकती निळी रेषा ओलांडण्यापूर्वी चढाई करणारा खेळाडू पलीकडे जाता कामा नये. म्हणजे एका डोळ्याने चकती आणि दुसऱ्याने स्केट पाहायचे, तेही स्वतः मागे सरकत असताना! बिल चॅडविक नावाचे अमेरिकन पंच उजव्या डोळ्याने अंध होते. तरीही त्यांनी व्यावसायिक सामन्यांत पंचगिरी केली आणि पंचांच्या हातवाऱ्यांच्या खुणा रूढ केल्या. १९६४ साली हॉकीच्या मानकऱ्यांत त्यांची गणना झाली. 'आंधळा' ही शिवी ऐकली की मला त्यांची आठवण होते.

२०१५ च्या जानेवारीतली एक सकाळ मात्र विसरता येत नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा सामना होता. शेवटचे मिनिट, आणि एक संघ एका गोलने मागे. गोलसमोर झुंबड उडाली आणि चकती गोलरक्षकाच्या पायांखाली दिसेनाशी झाली. चकती नजरेआड झाली की पंचाने खेळ थांबवायचा असतो. मी शिटी वाजवली. त्याच क्षणी एका मुलाने चकती जाळ्यात ढकलली. ती मोकळीच होती. मी दोन पावले पुढे असतो तर मला दिसली असती.

कर्णधार जवळ आला. डोळे भरले होते, पण बोलणे शांत होते. "चकती मोकळी होती, सर."

मी म्हणालो, "तुझे खरे आहे. मी चुकीच्या जागी उभा होतो. पण शिटी वाजली की खेळ थांबतो. गोल देता येणार नाही."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मान डोलावली आणि तो आपल्या जागी परतला. त्या मुलाला जे समजले, ते काचेबाहेरच्या त्याच्या वडीलधाऱ्यांना समजले नाही. ते काचेवर मुठी आपटत राहिले. चूक माझी होती. पण काचेला लागून उभी होती माझी सोबतीण पंच, सोळा वर्षांची मुलगी. सगळे शब्द तिच्या कानांवर पडले. खोलीत आल्यावर ती काही बोलली नाही. स्केटच्या नाड्या सोडताना तिची बोटे थरथरत होती. हंगाम संपला आणि ती परत आली नाही.

अलीकडे कॅनडात अनेक ठिकाणी अठरा वर्षांखालील पंचांच्या दंडावर हिरवी पट्टी असते. समोर मूल उभे आहे, हे मोठ्यांच्या ध्यानात यावे म्हणून. एवढीशी गोष्ट ध्यानात येण्यास पट्टी लागावी, याचे वाईट वाटते. परंतु मलाही ती तेव्हा लागलीच असती.

गावी आलो की फुटबॉलचे सामने पाहायला मी मैदानाच्या कडेला उभा राहतो. तेथेही कोणीतरी पंचाला आंधळा म्हणतोच. मी उपदेश करीत नाही. त्याच्या शेजारी जाऊन हळूच विचारतो, "भाऊ, तो शिटीवाला पोरगा कोणाचा?"