भात्याविना पेटी

ज्या वाद्यातून आवाजच निघत नाही असे वाद्य पदरचे पैसे मोजून विकत घेण्याचा प्रसंग आपणांपैकी फारच थोड्यांवर आला असेल. माझ्यावर तो २०२३ सालच्या जून महिन्यात आला. जबलपुरातील एका दुकानात मी उभी होते. समोर हातभराहूनही कमी लांबीची एक काळी वस्तू ठेवलेली होती, तिच्यावर पंचवीस पट्ट्या होत्या, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने मी त्यातली पांढरी एक दाबली. काहीच ऐकू आले नाही. दुसरी दाबली, तीही मुकी. माझ्या मुद्रेकडे पाहून दुकानदार हसला आणि म्हणाला की, ह्याला आवाज नसतोच. आवाज संगणकात असतो.

मी पेटी वाजवते. रेल्वेच्या आणि तोफांच्या कारखान्याच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरास राहिली, त्यांपैकीच आमचे एक. गणेशोत्सवातील गाणी, दिवाळीची पहाट, कोजागिरीची बैठक, कधी कटनीचे तर कधी इटारसीचे निमंत्रण, यांत माझे आयुष्य गेले. माझी पेटी खोक्यासह बारा-तेरा किलो भरते. रेल्वेचे पूल चढताना ती कधी जड वाटली नाही. पण त्या वर्षी मणक्याने दगा दिला आणि पाच किलोंहून अधिक वजन उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. हमाल मिळतो, शेजारचा मुलगाही मिळतो. तथापि प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या खांद्याकडे पाहत बसणे माझ्या स्वभावात नाही. वाजवणे थांबवायचे, की वाद्य बदलायचे, एवढाच प्रश्न उरला होता.

पुण्याच्या माझ्या भाच्याने फोनवर सुचवले, "मावशी, तू मिडी कंट्रोलर घे. लॅपटॉप तुझ्याकडे आहेच." मिडी म्हणजे काय, हे त्याच्याकडून समजून घेताना मला आपल्या टपालाची आठवण झाली. पट्टी दाबली की त्या यंत्रातून सूर निघत नाही, निरोप निघतो: अमुक क्रमांकाची पट्टी, इतक्या जोराने दाबली. पट्टी सोडली की दुसरा निरोप. जोर शून्यापासून १२७ पर्यंतच्या आकड्यांत मोजतात. तो निरोप वाचून त्याचा सूर करणे हे संगणकातल्या कार्यक्रमाचे काम. ही भाषा १९८३ सालची. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेत कॅलिफोर्नियातील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात दोन निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली आणि एक वाजवले असता दुसरेही वाजले. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी या दोघांचा त्यामागे मोठा वाटा होता. २०१३ साली त्यांना त्याबद्दल तांत्रिक कामगिरीचे ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. चाळीस वर्षांपूर्वीची ती भाषा आजची यंत्रेही बोलतात, याचे मला कौतुक वाटले. यंत्रांच्या दुनियेत इतके आयुष्य फार थोड्या गोष्टींना लाभते.

परक्या वाद्याचे मला वावडे नाही, हेही सांगून टाकते. आपली पेटी तरी मूळची कुठे आपली? हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या दबॅं नावाच्या कारागिराने १८४२ साली घेतले. पायाने भाता हलवायचे ते वाद्य आपल्या कारागिरांनी लहान केले, भाता मागे नेऊन हाताखाली दिला आणि त्याला भारतीय बैठकीत बसवले. १९४० साली रेडिओने तिला आपल्या दारातून बाहेर काढले, ते १९७१ पर्यंत. पण घरोघरच्या भजनांतून आणि नाटकांच्या संगीतातून ती कुठे गेली नाही. तेव्हा वाद्य लहान होते, हलके होते, म्हणून ते हलक्या दर्जाचे, असे मी मानत नाही.

दुकानात तीन-चार नमुने मांडलेले होते. कोणाला आठ गोल बटणे, कोणाला दिव्यांनी उजळणारे आठ चौकोनी पॅड, एकाला छोटी दांडी. दुकानदार गुण सांगत होता आणि मी मुकाट ऐकत होते, कारण त्यातले काहीच माझ्या कामाचे दिसत नव्हते. पॅडवर तालवाद्ये वाजवतात. माझ्या शेजारी तबलजी बसलेले असतात. अखेर मी स्वतःलाच एक प्रश्न विचारला, आणि आपणही असे काही घ्यायला निघालात तर आधी तोच विचारावा, असे मी म्हणेन: बैठकीत माझे दोन हात काय करत असतात?

उजवा हात पट्ट्यांवर असतो. डावा भात्यावर. म्हणजे पियानो वाजवणाऱ्याला लागतात तशा अठ्ठ्याऐंशी पट्ट्या मला लागतच नाहीत. मी एकाच हाताने वाजवते. पंचवीस पट्ट्या म्हणजे दोन सप्तके. ती अपुरी पडतील अशी भीती होती, पण घरी कागदावर मांडून पाहिले तेव्हा एक मौज ध्यानी आली. षड्ज पांढरी चारवर धरला, तर सर्वांत खालची पट्टी मंद्र पंचम होते आणि सर्वांत वरची तार पंचम. बहुतेक भावगीते आणि अभंग एवढ्याच आवाक्यात नांदतात! आणि गाणाऱ्याचा सूर? त्याला यंत्रात सोय आहे. आमच्या गायिकाबाई काळी चारमध्ये गातात. तीन अर्धस्वर वर चढवले की झाले. गृहस्थांपैकी कोणी काळी एकमध्ये गाणारे असतील तर चार अर्धस्वर खाली. बोटे आपली पांढरी चारच्या ओळखीच्या घरातच फिरत राहतात. एखादे नाट्यगीत तार धैवतावर जाते, तेवढ्यापुरते सप्तक बदलायचे बटण आहे. मात्र ते सुरावर बोट असताना दाबू नये, ओळीच्या मधल्या श्वासात दाबावे.

डाव्या हाताचा प्रश्न याहून कठीण होता. पेटीचा जीव भात्यात असतो. शब्दावर किती वारा द्यायचा, समेवर किती आवरायचा, हे डावा हात जाणतो. त्यासाठी मला गोल बटण नको होते. वरखाली सरकणारे स्लायडर हवे होते. मांडलेल्यांपैकी आर्टुरिया कंपनीच्या मिनीलॅब ३ या नमुन्यात असे चार स्लायडर होते. वजन दीड किलोच्या आसपास, वीज लॅपटॉपच्याच तारेतून मिळते. पट्ट्या मात्र पेटीच्या पट्ट्यांहून अरुंद. पहिले पंधरा दिवस माझे एक बोट दोन पट्ट्यांवर पडत होते आणि घरातली मंडळी ऐकून न ऐकल्यासारखे करत होती. आपल्या बोटांना ते जमणार नसेल, तर थोडे वजन सोसून मोठ्या पट्ट्यांचे यंत्र घ्यावे, हे उत्तम.

पहिला स्लायडर मी पेटीच्या आवाजाच्या जोराशी जोडून घेतला. तो माझा भाता. भाता आणि तो यांत एक फरक आहे आणि त्याची सवय व्हायला महिना लागला. भाता थांबवला की सूर आपोआप विझतो. स्लायडर जिथे सोडाल तिथेच राहतो. सूर ना वाढत ना मावळत, नुसता उभा. त्याला विझवणे हे आपल्याच हाती.

यंत्रासोबत जे सॉफ्टवेअर भेट म्हणून मिळते, त्याविषयी आता थोडे विस्ताराने लिहिते, कारण माझी फजिती तिथेच झाली. ह्या भेटीत दोन जातींच्या गोष्टी असतात, हे आधी कोणी सांगत नाही. एक जात आवाजांची: पियानो, ऑर्गन, तंतुवाद्ये, शेकड्यांनी. दुसरी जात सूत्रधाराची, म्हणजे अनेक वाद्ये एकत्र उघडून त्यांना आपल्या पट्ट्यांशी आणि बटणांशी जोडणारा कार्यक्रम. माझ्या यंत्रासोबत ॲनालॉग लॅबची छोटी आवृत्ती आली ती पहिल्या जातीची. एबलटन लाइव्ह लाइट आले ते दुसऱ्या. ह्या लाइट आवृत्तीत तेव्हा आठच ट्रॅक मिळत. मला त्यांतले तीन पुरतात: पेटी, तानपुरा आणि एखाद्या गाण्यापुरते संतूर. आवाजांच्या त्या मोठ्या भांडारात मी पेटी शोधली. परदेशी ऑर्गन सापडले, माझ्या पेटीसारखी पेटी सापडली नाही. तेव्हा कळले की भेटीतल्या आवाजांच्या संख्येवर भुलण्यात अर्थ नाही. सूत्रधार चांगला असला की बाहेरचे वाद्य आणून त्यात बसवता येते. यंत्र जुने, दुसऱ्याकडून घेत असाल, तर ह्या भेटीचा परवाना पहिल्या मालकाने आपल्या नावे करून घेतलेला नाही ना, तेही विचारून घ्यावे.

पेटीचा आवाज मी अन्य एका ठिकाणाहून उतरवून घेतला. सुरेख होता. त्यावर महिनाभर रियाज केला आणि गणेशोत्सवात एका मंडळाच्या कार्यक्रमाला बसले. तीन गाणी उत्तम झाली. चौथ्या गाण्यात गायिकाबाई अंतऱ्यावर चढल्या, मी पट्टी दाबली, आणि दुकानातली ती पहिली मुकी पट्टी माझ्यापुढे उभी राहिली. काहीच ऐकू येईना. स्लायडर वर नेला, तारा हलवल्या, हातांना घाम फुटला. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि तबल्याच्या आधारावर गाणे पूर्ण केले. पुढची दोन गाणी मी मांडीवर हात ठेवून ऐकली. साठीला आलेल्या बाईने रंगमंचावर रिकाम्या हातांनी बसणे कसे असते, ते मी येथे लिहीत नाही.

दोष कोणाचाच नव्हता, माझा होता. मी उतरवलेला आवाज नमुन्यादाखलचा होता. उघडल्यापासून वीस मिनिटांनी तो आपण होऊन गप्प होत असे. तशी सूचना पडद्यावर बारीक अक्षरांत होती. घरी मी एकेक गाणे घोटून यंत्र बंद करत असे, त्यामुळे वीस मिनिटे कधी भरलीच नाहीत. त्या रात्री मी भाच्याला फोन केला तेव्हा त्याने एवढेच विचारले, "मावशी, तू पूर्ण कार्यक्रम एका बैठकीत कधी वाजवून पाहिलास का?"

दुसऱ्या दिवशी पैसे भरून परवाना घेतला. मग इंटरनेट बंद ठेवून तो आवाज उघडतो की नाही हे पाहिले, कारण सभागृहात इंटरनेट असेलच असे नाही. लॅपटॉपला झोप लागू नये अशी व्यवस्था केली. सूर उशिरा येतो अशी एक अस्पष्ट तक्रार माझी पहिल्यापासून होती. तिचेही कारण सापडले. संगणक आवाज थोडाथोडा साठवून पुढे पाठवतो, आणि माझ्याकडे तो साठा १०२४ नमुन्यांचा होता. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने तेवढ्यानेच २३ सहस्रांश सेकंदांचा उशीर होतो. हवेतून आवाज तेवढ्या वेळात सुमारे आठ मीटर जातो. म्हणजे मी जणू आठ मीटर दूर ठेवलेली पेटी वाजवत होते! साठा २५६ वर आणताच ती दोन मीटरांवर आली. बिनतारी स्पीकर ह्या कामी घेऊ नये. त्याचा उशीर याहून पुष्कळ अधिक असतो. लॅपटॉपचा चार्जर लावला की ध्वनिक्षेपकातून घुंई असा आवाज येत असे, त्यावर ध्वनियोजना पाहणाऱ्या मुलाने मध्ये एक छोटी डबी जोडून इलाज केला. ती डबी आता माझ्या पिशवीतच असते.

मग दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी मी संपूर्ण कार्यक्रम वाजवला, पावणेदोन तास, मधल्या निवेदनासह, यंत्र एकदाही बंद न करता. निवेदन मीच करत असे. शेजारच्या वहिनींनी एकदा विचारले की, हल्ली आपण एकट्याच कोणाशी बोलता?

दिवाळीच्या पहाटे पाच वाजता मी मंडळात पोचले, खांद्याला एक पिशवी घेऊन, दुसऱ्या कोणाच्या आधाराविना. कार्यक्रम पुरा झाला. विसावे मिनिट केव्हा उलटून गेले ते मी घड्याळात पाहिले होते, हे मात्र कबूल करते. चहा घेताना गायिकाबाई जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "ताई, सूर अगदी तुमच्या पेटीचाच होता हो. पण मला एक चुकल्यासारखं वाटत होतं. तुमच्या भात्याच्या आवाजावरून मी श्वास घेत असे, हे मला आजच कळलं."

मलाही ते आजवर ठाऊक नव्हते. आता प्रत्येक ओळीच्या आधी मी मान किंचित हलवते, आणि त्या माझ्याकडे पाहतात. पेटी घरी खिडकीखाली असते. पहाटेचा रियाज अजून तिच्यावरच चालतो. तिथे तिला उचलावे लागत नाही.